तुलनेच्या साइटवरचा भाव दुकानात टिकत नाही: कॉम्प्युटरचे पार्ट घेताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

मी गिरगावात राहतो, त्यामुळे लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या पार्टचा बाजार, माझ्यासाठी चालत जायच्या अंतरावर आहे. ओळखीत कुणाला कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा असला की फोन मला येतो, आणि फोनच्या आधी व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट येतो. किमतींची तुलना करणाऱ्या कुठल्यातरी साइटवरची यादी असते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, आणि खाली एकूण रक्कम. चार-पाच दिवसांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन येतो, आणि तो ह्यांपैकी काहीतरी सांगतो:

क्लिक केल्यावर किंमत वाढली.

पैसे भरले, दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला की माल नाही.

नाव तेच, पण आलेली वस्तू वेगळी.

यादीत सगळं जुळतंय म्हणून दाखवलं होतं, मशीन मात्र चालूच होत नाही.

पार्ट बिघडला तेव्हा कळलं की ह्याला भारतात वॉरंटीच नाही.

माणसं म्हणतात, साइट खोटी आहे. बहुतेक वेळा साइट खोटी नसते. ती वस्तूंची तुलना करतेय असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ती वस्तूंच्या नावांची तुलना करत असते. वरच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात.

सहा का आठ?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी आर्किटेक्चर शिकते. रेंडरिंगसाठी, म्हणजे इमारतीची खरी वाटणारी चित्रं तयार करायला, तिला मशीन हवं होतं. पैसे तिनं स्वतः साठवलेले, त्यामुळे यादी तिनं फार मन लावून केली होती. ग्राफिक कार्डाच्या ओळीत लिहिलं होतं ‘आरटीएक्स ३०५०’, आणि त्यापुढे सगळ्यात कमी भाव. आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो. काउंटरवरच्या माणसानं फोनवरची यादी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, ह्यात दोन येतात. सहा का आठ?"

तिला प्रश्नच कळला नाही, कारण साइटनं तो कधी विचारला नव्हता. ३०५० ह्या नावाखाली दोन वेगळी कार्डं बाजारात आली. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं कार्ड ८ जीबीचं, त्यात २५६० कुडा कोर (हिशेब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारी वाट). फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावानं दुसरं आलं: ६ जीबी, २३०४ कोर, ९६ बिटची बस. दुसरं ७० वॉटवर चालतं, पहिल्याला १३० वॉट लागतात. ज्याचा एसएमपीएस लहान आहे त्याच्यासाठी दुसरं कार्ड खरोखर चांगलं आहे. पण कार्डावर रेंडरिंग करताना अख्खा सीन शक्यतो कार्डाच्या मेमरीत बसावा लागतो, तिथे हे दोन जीबी जाणवतात. यादीतला सगळ्यात कमी भाव अर्थातच सहा जीबीचा होता. चार दुकानांचे भाव एकाच ओळीत एकाखाली एक लावलेले, त्यांतले दोन एका कार्डाचे आणि दोन दुसऱ्याचे.

तो माणूस विचारता झाला म्हणून वाचलो. ऑनलाइन ऑर्डर केली असती तर सहा जीबीचं कार्ड घरी आलं असतं, आणि दुकानदाराची त्यात काहीच चूक नसती. त्याच्या पानावर सहा जीबीच लिहिलेलं होतं.

यादी तयार होते कशी

हे एकदा समजलं की बाकीचं निदान सोपं जातं. तुलना करणाऱ्या साइटकडे भाव दोन वाटांनी येतात. काही दुकानं स्वतःहून आपल्या मालाची फाइल देतात, तिला फीड म्हणतात. तिच्यात नाव, किंमत, स्टॉक, लिंक आणि जमल्यास पार्ट नंबर आणि बारकोडचा आकडा असतो. जी दुकानं फीड देत नाहीत त्यांच्या पानांवर साइटचा प्रोग्राम ठरावीक वेळानं जाऊन भाव वाचून आणतो. फीडमध्ये पार्ट नंबर भरलेला असेल तर जुळणी बिनचूक होते. तो रकाना रिकामा असेल तर प्रोग्राम शीर्षक वाचतो आणि सारख्या दिसणाऱ्या शीर्षकांना एक समजतो. आपल्याकडच्या कित्येक दुकानांत शीर्षकं हातानं टाईप केलेली असतात. एकजण ‘ड्युअल ओसी ८ जीबी’ लिहितो, दुसरा नुसतं ‘३०५० ड्युअल’. प्रोग्रामनं काय समजावं?

दुसरी गोम व्हेरियंटची. पुष्कळ दुकानांत एकाच पानावर ५०० जीबी, १ टीबी, २ टीबी अशी बटणं असतात. प्रोग्राम त्या पानावरचा सगळ्यात लहान आकडा उचलतो, म्हणजे ५०० जीबीचा, आणि यादीत तो १ टीबीपुढे जाऊन बसतो. तुम्ही क्लिक करता, पानावर १ टीबीचं बटण दाबलेलं असतं, आणि तुम्हाला वाटतं की किंमत डोळ्यांदेखत वाढवली. ही तक्रार आली की मी आधी सांगतो: पान उघडल्यावर सगळी बटणं एकेकदा दाबून पाहा. यादीतला आकडा बहुधा कुठल्यातरी बटणाखाली सापडतो.

आणि एक गोष्ट मनात ठेवावी. बऱ्याच तुलना साइटना तुम्ही त्यांच्या लिंकवरून खरेदी केलीत की दुकानाकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, साइट चालवायला पैसे लागतात. पण जे दुकान कमिशन देत नाही ते यादीत नसण्याची शक्यता राहते. लॅमिंग्टन रोडवर तर अशी कितीतरी दुकानं आहेत ज्यांची वेबसाइटच नाही. भाव विचारला की व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवतात, एवढंच. ‘सगळ्यात स्वस्त’ ह्याचा अर्थ त्या यादीतलं सगळ्यात स्वस्त, एवढाच घ्यायचा.

उपाय पहिला आणि सगळ्यात मोठा: नाव सोडा, पार्ट नंबर धरा

प्रत्येक पार्टला कंपनीनं दिलेला एक नंबर असतो. तो खोक्यावर बारकोडजवळ छापलेला असतो, आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्या वस्तूच्या पानावर मिळतो. आधी कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवायचं, तो नंबर उतरवून घ्यायचा आणि मग तो नंबर तुलना साइटवर आणि दुकानांच्या साइटवर शोधायचा. उलट क्रमानं केलं की फसगत होते. नंबर टाकून शोधल्यावर निकाल कमी येतात, कधी दोनच दुकानं दिसतात. पण जे दिसतात ते एकाच वस्तूचे भाव असतात.

हे नंबर वाचायला शिकलं तर अर्धी माहिती त्यांच्यातच मिळते. कोर्सेअरच्या व्हेंजन्स एलपीएक्स रॅमचा एक नंबर घ्या: सीएमके, १६जीएक्स४, एम२, बी, ३२००, सी१६, असा तुकडे पाडून वाचायचा. १६ म्हणजे एकूण १६ जीबी, एक्स४ म्हणजे डीडीआर४, एम२ म्हणजे दोन पट्ट्या, ३२०० हा वेग, आणि सी१६ म्हणजे लेटन्सी, रॅमला उत्तर द्यायला लागणारा उशीर. ह्याच्याच भावंडात एम२ च्या जागी एम१ असतं, म्हणजे १६ जीबीची एकच पट्टी. यादीत दोन्ही ‘१६ जीबी ३२००’ म्हणून एकाच ओळीत येतात आणि एक पट्टीवाली बहुधा स्वस्त दिसते. ग्राफिक कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालवायचं असेल तर दोन पट्ट्यांचा फरक मोठा पडतो, कारण त्या ग्राफिक्सला मेमरी ह्याच रॅममधून मिळते आणि दोन पट्ट्या लावल्या की तिची वाट दुप्पट रुंद होते. लेटन्सीचंही तसंच: सी१६ आणि सी२२ ह्या दोन्ही ३२०० च्याच रॅम, पण एक वस्तू नव्हे.

प्रोसेसरमध्ये शेवटची अक्षरं बघायची. इंटेलच्या आकड्यामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. १२४०० आणि १२४००एफ ह्यांत दुसरा स्वस्त असतो, पण वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर स्क्रीनवर काही दिसणार नाही. दादरच्या एका छोट्या डीटीपीवाल्यांनी यादी बघून एफवालाच घेतला होता. सगळं जोडून झालं आणि मॉनिटर काळाच. मदरबोर्ड खराब समजून तो परत करायला ते निघाले होते, मी प्रोसेसरचं नाव विचारलं तेव्हा उलगडा झाला. एएमडीत रायझन ५ ५६०० आणि ५६००जी ही नावं इतकी जवळची आहेत की यादीत ती सर्रास मिसळतात. जीमध्ये ग्राफिक्स आहे, पण त्याची एल३ कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी जोडायची वाट) तिसऱ्या पिढीचं. साध्या ५६०० ला ३२ एमबी आणि पीसीआयई ४. कोणता चांगला हे कामावर ठरतं, ते यादीतल्या भावावरून ठरवू नका.

एएमडीच्या पार्ट नंबरच्या शेवटी ‘बॉक्स’ असेल तर खोक्यात कूलर येतो, ‘डब्ल्यूओएफ’ असेल तर येत नाही. ५६०० सोबत कूलर मिळतो, ५७००एक्स सोबत मिळत नाही. दोघांची तुलना करताना कूलरची किंमत दुसऱ्यात मिळवायची. आणि ‘ट्रे’ लिहिलेला प्रोसेसर म्हणजे खोक्याशिवायचा. सील पॅक खोक्यातल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे पीसची जबाबदारी विकणाऱ्यावर, तो देईल तितकी.

एम.२ ह्या शब्दानंही बरीच गल्लत होते. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी येते आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) पण येते, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेईल असं नाही. लॅपटॉपची रॅम आणि डेस्कटॉपची रॅम यादीत शेजारी दिसतात, पण त्यांची लांबीच वेगळी असते.

एके ठिकाणी मात्र पार्ट नंबरही पुरत नाही, आणि ते म्हणजे स्वस्त एसएसडी. क्रुशलच्या पी२ मध्ये २०२१ साली टीएलसीच्या जागी क्यूएलसी ही स्वस्त पण हळू फ्लॅश मेमरी आली, नाव तेच राहिलं, मोठ्या फाइल लिहिताना वेग पडला. किंगस्टनच्या एनव्ही२ मध्येही बॅचप्रमाणे कंट्रोलर आणि फ्लॅश बदललेले आढळले आहेत. ज्यांना व्हिडिओचं किंवा मोठ्या फाइलींचं काम आहे त्यांना मी थोडे पैसे जास्त घालून वरच्या श्रेणीची एसएसडी घ्यायला सांगतो. ऑफिसच्या टायपिंगसाठी फरक जाणवणार नाही.

उपाय दुसरा: हातात पडेपर्यंतची किंमत मांडा

२०१७ पर्यंत मुंबईकरांची ह्यात वेगळीच पंचाईत होती. बाहेरगावच्या साइटवरून माल मागवला की महापालिकेची जकात पडायची, आणि स्वस्त वाटलेला पार्ट घरी येईपर्यंत महाग व्हायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तरी यादीतला आकडा आणि बिलाचा आकडा ह्यांत अंतर राहतंच, कारणं आता वेगळी आहेत.

सगळ्यात मोठं कारण ‘प्लस जीएसटी’. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे. जी दुकानं मुख्यतः डीलरना माल देतात त्यांच्या साइटवर कधीकधी कराशिवायचा भाव असतो. दहा हजारांचा पार्ट बिलावर ११,८०० होतो. व्हॉट्सॲपच्या कोटेशनमध्येही हेच घडतं, म्हणून मी सरळ लिहितो: "ऑल इन्क्लुझिव्ह, पक्क्या बिलासकट भाव सांगा." ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर आधी २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. तेव्हा जुन्या लेखांतले आणि व्हिडिओंतले मॉनिटरचे भाव तसेच धरू नका.

मग शिपिंग येतं. सात पार्ट सात वेगवेगळ्या स्वस्त दुकानांतून उचलले की सात वेळा शिपिंग पडतं, आणि तुलना साइटच्या एकूण रकमेत ते सहसा धरलेलं नसतं. कॅबिनेट आणि मॉनिटरचं शिपिंग तर वजनामुळे आणखी चढतं. मी बऱ्याचदा हिशेब करून पाहिलाय: सात दुकानांतून मिळून वाचलेले पैसे शिपिंगमध्येच जातात, आणि काही बिघडलं तर सात जणांशी बोलत बसावं लागतं. यादी दोन, फार तर तीन दुकानांत बसवा.

त्यानंतर पैसे कसे भरता त्यावर. यादीतला भाव पुष्कळदा एखाद्या बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट धरून लिहिलेला असतो. ते कार्ड तुमच्याकडे नसेल तर तो भाव तुमचा नाही. उलट काही दुकानं क्रेडिट कार्डावर वर दोनेक टक्के लावतात, यूपीआयवर लावत नाहीत. साठ हजारांच्या मशीनवर दोन टक्के म्हणजे बाराशे रुपये.

शेवटी ‘कॉम्बो’. कार्टमध्ये गेल्यावर दिसतं की हा भाव मदरबोर्ड सोबत घेतला तरच. मालाचा तुटवडा असतो तेव्हा हे जास्त होतं. २०२१ मध्ये ग्राफिक कार्डांच्या बाबतीत हे आपण सगळ्यांनी भोगलंय.

मी एका कागदावर चार रकाने आखतो: पार्ट नंबर, करासकट भाव, शिपिंग, आणि पैसे भरताना लागणारी किंवा सुटणारी रक्कम. पत्ता आणि पिनकोड टाकून, पैसे भरायच्या अगदी आधीच्या पानापर्यंत जाऊन तिथला आकडा उतरवायचा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे विक्रेत्यानं एकूण किंमत एका आकड्यात, तिच्या फोडीसकट दाखवायला हवी. आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पानरचना, ह्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवातीला कमी दाखवून शेवटी रक्कम फुगवणं, न विचारता कार्टमध्ये जादा वॉरंटी टाकणं, एक दाखवून दुसरंच देणं हे प्रकार बंद आहेत. तेव्हा शेवटच्या पानावर जादा टिक झालेली एखादी गोष्ट आहे का, हे नीट वाचून बघा. असली तर काढून टाका आणि स्क्रीनशॉट ठेवा.

शिळा भाव आणि नसलेला माल

ह्याला फार उपाय नाहीत, पण ओळखता येतं. तुलना साइटवर भावाशेजारी ‘शेवटचं अपडेट’ लिहिलेलं असेल तर ते वाचा. भाव स्थिर असतात तेव्हा दोन दिवसांचा शिळा भावही चालतो. रॅमसारख्या वस्तूत मात्र कालचा भाव आज राहत नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं आणि रॅमचे भाव झपाट्यानं चढले. मायक्रॉननं तर ३ डिसेंबर २०२५ ला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात यादीतली सगळ्यात स्वस्त रॅम म्हणजे बहुधा ज्याचा भाव बदलायचा राहिलाय ती, किंवा जी शिल्लकच नाही ती. ऑर्डर करायच्या आधी दुकानाला फोन करा आणि विचारा, "पीस आत्ता तुमच्या हातात आहे का?" ‘स्टॉकमध्ये आहे’ ह्याचा अर्थ अनेकदा ‘डिस्ट्रिब्युटरकडे आहे, मागवून देतो’ असा असतो.

सेलमधली सूट मोजताना एमआरपीकडे पाहू नका, मागच्या दोन-तीन महिन्यांचा भाव पाहा. ॲमेझॉनसाठी कीपा ही साइट भावांचा आलेख दाखवते. मार्केटप्लेसवर, म्हणजे जिथे अनेक विक्रेते माल विकतात अशा साइटवर, आणखी एक पाहायचं, की ह्या पानावर विकणारा नेमका कोण आहे. तुलना साइट सगळ्यात स्वस्त विक्रेत्याचा भाव उचलते, तो कालच आलेला असला तरी.

सगळं हिरवं, तरी मशीन बंद

पीसीपार्टपिकरसारख्या साइट पार्ट एकमेकांशी जुळतात का हे तपासतात, आणि त्यात भारताची यादीही आहे. ही तपासणी खरंच उपयोगी आहे. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), रॅमचा प्रकार, कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का, हे ती चांगलं सांगते. पण तिच्या खालच्या बाजूला लहान अक्षरांत टिपा येतात, आणि त्या कुणी वाचत नाही. बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रामची, टीप तिथेच असते.

एएमडीसाठीचे बी६५० चे मदरबोर्ड २०२२ मध्ये आले, रायझन ९००० चे प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये. सॉकेट एकच, एएम५. पण गोदामात पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस असेल तर नवा प्रोसेसर त्याला ओळखता येत नाही, आणि मशीन सुरू होत नाही. ऑनलाइन घेत असाल तर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडा. त्यात प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. दुकानातून घेत असाल तर तिथेच अपडेट करून मागा.

इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, आणि बोर्डाच्या नावात फरक एखाद्या ‘डी४’ चा. इथेही शेवटी पार्ट नंबरच बघायचा. काही बोर्डांवर दुसरी एम.२ एसएसडी लावली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या हार्ड डिस्क जोडायच्या असतील त्यांनी घेण्यापूर्वी ते पान वाचावं.

वॉरंटी: यादीत जिचा रकानाच नसतो

दोन दुकानांच्या भावांत दहा-बारा टक्क्यांचं अंतर दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, बिल मिळणार का, आणि दुसरा, खोक्यावर कुणाचं स्टिकर आहे. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा नंबर असलेलं स्टिकर कायद्यानं असायला हवं. ते नसेल तर माल अधिकृत वाटेनं आलेला नसण्याची शक्यता मोठी. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी भारतात डिस्ट्रिब्युटरमार्फत चालते, आणि त्यांच्याकडे सिरीयल नंबर नसेल तर ते पार्ट घेत नाहीत. हार्ड डिस्कसाठी डब्ल्यूडी आणि सीगेट दोघांच्याही साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी तपासता येते. ही तपासणी काउंटरवर, पैसे द्यायच्या आधी, फोनवर करा. दोन मिनिटं लागतात.

‘बिलाशिवाय घेतलं तर इतके कमी’ असं कुणी सांगितलं तर त्या वाचलेल्या पैशांत तुमची वॉरंटी गेली असं समजा. मी कुणालाही तो सल्ला देत नाही. ग्राफिक कार्ड तीन वर्षांत एकदा जरी गेलं तरी त्या माणसाची वर्षभराची बचत जाते. हे मी आमच्याच चाळीत पाहिलंय.

चुकीचा पार्ट आलाच तर

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. सील न तोडता सगळ्या बाजू दाखवायच्या, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर वाचता येतील इतक्या जवळून, आणि मग न थांबता उघडायचं. आता बरीच दुकानं असा व्हिडिओ असल्याशिवाय तक्रारच घेत नाहीत. पार्ट नंबर चुकीचा दिसला तर सील तोडूच नका, कारण एकदा सील तुटलं की परत घेताना वाद होतो.

दुकानाला फोनवर न बोलता लिहून कळवा: तुमच्या पानावर हा पार्ट नंबर होता, हा त्याचा स्क्रीनशॉट, आणि आला तो हा. तुलना साइटचा स्क्रीनशॉट इथे कामाचा नाही. तुमचा व्यवहार दुकानाशी झाला, आणि दुकानाच्या पानावर जे लिहिलं होतं तेच धरलं जातं. म्हणून ऑर्डर करतानाच दुकानाच्या पानाचा फोटो ठेवायचा. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिल, पैसे भरल्याची पावती, दुकानाचं पान आणि व्हिडिओ एवढं हाताशी ठेवून फोन करा. मुंबईत १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही मार्गदर्शन मिळतं.

आणि लॅमिंग्टन रोडला स्वतः जाणार असाल तर रविवार टाळा, बरीचशी दुकानं बंद असतात. पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडा, फास्ट गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चालायचं. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं दिसेल. खिशात पार्ट नंबरांचा कागद असू द्या आणि काउंटरवर फोनऐवजी तोच पुढे करा.